बार्बेक्यू संघटनेचं सभासदत्व घ्यावं का? पैसे भरण्याआधी दोन शनिवार आणि एक रात्र

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत मागच्या अंगणात स्मोकर, म्हणजे धुरावर मांस मंद शिजवायची भट्टी, असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. आधी वेबर किटली, म्हणजे झाकणाची साधी कोळशाची शेगडी, येते, मग उभा स्मोकर येतो. एखाद्या उन्हाळ्यात पाहुणे बोटं चाटत म्हणतात, "अहो, तुम्ही स्पर्धेत उतरा!" तिथून पुढचा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो: कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीचं, म्हणजे केसीबीएसचं, सभासद व्हावं का?

मी या संघटनेच्या स्पर्धांना आठ वर्षं जज म्हणून बसते आहे आणि तीन हंगाम स्वतःचा संघ घेऊन उतरले आहे. माझं म्हणणं एवढंच की सभासद फीवरून हा निर्णय करू नका. फी एका चांगल्या ब्रिस्केटच्या (गाईच्या छातीच्या मांसाच्या मोठ्या तुकड्याच्या) किमतीहूनही कमी असते, त्यामुळे ती भरणं सोपं वाटतं आणि मग वर्षभर तिचा काही उपयोग होत नाही. निर्णयासाठी दोन शनिवार आणि एक पूर्ण रात्र काढा. ती कशी वापरायची ते सांगते.

आधी हे समजून घ्या: संघटना पुरवते तो तराजू

केसीबीएस १९८५ साली सुरू झाली. त्याआधी स्पर्धा नव्हत्या असं नाही. मेम्फिसची 'मेम्फिस इन मे' बार्बेक्यू स्पर्धा १९७८ची, तर आमच्या इथली अमेरिकन रॉयलची स्पर्धा १९८०ची. पण गावोगावच्या स्पर्धांमध्ये एकसारखे नियम आणि एकसारखी गुणपद्धत असावी ही गरज होती, आणि संघटनेने ती भागवली. आजही तिचं मुख्य काम तेच आहे: नियमावली, मांस तपासणारे आणि स्पर्धेवर देखरेख ठेवणारे प्रतिनिधी, प्रशिक्षित जज आणि गुणांचा हिशेब.

स्पर्धा भरवणारा आयोजक मात्र वेगळा असतो. तो एखादा क्लब, नगरपालिका किंवा अग्निशमन दल असू शकतो. प्रवेश फी त्याच्याकडे जाते, बक्षिसाची रक्कम तोच देतो, जागा-पाणी-विजेची सोय त्याचीच. हा फरक मला महागात शिकायला मिळाला. एका गावची स्पर्धा पावसाने रद्द झाली. मला वाटलं, मी सभासद आहे, फी परत मिळेलच. आयोजकांच्या अर्जात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हवामानामुळे रद्द झाल्यास परतावा नाही. सभासदत्वाचं कार्ड तिथे कामाला आलं नाही. म्हणून 'संघटना माझी बाजू घेईल' ही अपेक्षा मनातून काढून टाका आणि प्रत्येक अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

पहिला प्रश्न: तुम्हाला मोजून घ्यायचंय का?

माझं माहेर अलिबागजवळचं. थंडीत वालाच्या शेंगा निघाल्या की शेतात पोपटी लागायची. मडकं भांबुर्ड्याच्या पाल्याने गच्च भरायचं, आत शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, आणि भोवती जाळ. किती वेळ ते आजोबा मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून ठरवायचे. त्यांच्या पोपटीला कुणी दहापैकी गुण दिले नाहीत आणि त्यांना ते नकोही होते. तुमचं मन तसं असेल, म्हणजे माणसं जमवावी, विस्तवाजवळ बसावं, खाऊ घालावं एवढ्यात तुमचा आनंद असेल, तर सभासद होण्याची गरज नाही. त्याच पैशांत चांगला थर्मामीटर घ्या.

पण शेजारी-पाजारी 'मस्त' म्हणतात यावर तुमचा विश्वास बसत नसेल, तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाने खाऊन खरं काय ते सांगावं असं वाटत असेल, तर पुढे वाचा.

तराजू कसा चालतो

केसीबीएसच्या मुख्य स्पर्धेत चार पदार्थ असतात: चिकन, डुकराच्या रिब्स म्हणजे बरगड्या, पोर्क म्हणजे डुकराच्या खांद्याचं मांस, आणि बीफ ब्रिस्केट. संघ प्रत्येक पदार्थ एका डब्यात भरून देतो आणि तो डबा एका टेबलावरच्या सहा जजांपुढे जातो. जज रूप, चव आणि मऊपणा या तीन गोष्टींना ९ ते २ असे गुण देतो. ९ उत्कृष्ट, ६ साधारण, २ म्हणजे खाण्याजोगं नाही. १ गुण फक्त नियमभंगाला.

या तिन्हींचं वजन सारखं नाही. रूपाच्या गुणाला ०.५६ ने गुणतात, चवीच्या २.२९७२ ने आणि मऊपणाच्या १.१४२८ ने. समजा, एका जजने ९-८-८ दिले. रूपाचे ५.०४, चवीचे १८.३७७६, मऊपणाचे ९.१४२४, बेरीज ३२.५६. तिन्ही ९ असते तर ३६. सहांपैकी सर्वांत कमी बेरीज सोडून देतात, उरलेल्या पाचांची धरतात. म्हणून एका पदार्थाला जास्तीत जास्त १८० आणि चारी मिळून ७२०. ज्या संघाची बेरीज ७०० च्या वर जाते तो त्या दिवशी मान ताठ करून फिरतो.

हे गणित कागदावर दोन-चारदा मांडून बघा. चवीचा एक गुण रूपाच्या एका गुणाच्या चौपटीहून थोडा जास्तच भरतो. तरीही नवखे संघ डब्यातला हिरवा पाला रचण्यात सकाळचे दोन तास घालवतात. पाला ऐच्छिक आहे. लेट्युस, पार्सली चालते, आणि आपली कोथिंबीरसुद्धा चालते. माझ्या पहिल्या डब्यात मी कोथिंबीरच लावली होती.

पहिला शनिवार: रिकाम्या हाताने जा

गाडीने तीन तासांच्या आत कुठल्या संघटनेच्या स्पर्धा होतात ते आधी शोधा. सगळ्या अमेरिकेत केसीबीएसच चालते असं नाही, आणि हीच चूक टेक्ससमधले माझे मित्र करतात. तिथे आयबीसीए ही दुसरी संघटना जोरात आहे: अर्धी कोंबडी, स्पेअर रिब्स आणि ब्रिस्केट, डब्यात पाला नाही, शिजल्यावर वरून सॉस नाही. दक्षिणेत मेम्फिस बार्बेक्यू नेटवर्क आहे, ते पूर्णपणे डुकराच्या मांसाचं, आख्खं डुक्कर भाजण्यापर्यंत. तिथे जज तुमच्या तंबूत येतात आणि मांडणीपासून बोलण्यापर्यंत सगळं बघतात. स्टेक कुकऑफ असोसिएशनच्या स्पर्धा रिबआय स्टेकच्या, त्यांना रात्र जागावी लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींसाठी ऑस्ट्रेलेशियन बार्बेक्यू अलायन्स आहे. तुमच्या परिसरात ज्या संघटनेच्या वर्षाला निदान तीन स्पर्धा होत नाहीत तिचं सभासदत्व घेऊ नका. हा नियम मी अगदी कडकपणे सांगते.

स्पर्धेच्या शनिवारी सकाळी आठ-नऊला पोहोचा. आयोजकांना आधी कळवलंत तर स्वयंसेवक म्हणून काम मिळतं: डबे नेणं, टेबलं पुसणं, पाणी भरणं. पैसे मिळत नाहीत, पण आतलं सगळं दिसतं. संघांशी बोलायचं तर अकराच्या आत बोला. साडेअकरानंतर एकाही संघाजवळ फिरकू नका. १२ला चिकन, १२:३०ला रिब्स, १ला पोर्क आणि १:३०ला ब्रिस्केट हे नेहमीचं वेळापत्रक, आणि दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून पाच मिनिटं नंतरपर्यंतच डबा स्वीकारतात. त्या दीड-दोन तासांत माणसं नवरा-बायकोचंही ऐकत नाहीत.

दुपारी निकालाच्या आधी पुन्हा संघांकडे जा. तेव्हा सगळे थकलेले आणि मोकळे असतात. मला पहिल्या वर्षी जे काही शिकायला मिळालं ते असंच, घडीच्या खुर्चीवर बसून, समोरच्याने फॉइलमधून काढून दिलेला ब्रिस्केटचा तुकडा खात. 'सभासद का झालात?' हा प्रश्न निदान पाच जणांना विचारा. तुम्हाला माणसांचीच उत्तरं ऐकू येतील: कुणाला दोस्त मिळाले, कुणाला मुलाबरोबर शुक्रवारची रात्र मिळाली.

एक रात्र: घरच्या अंगणात रंगीत तालीम

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि हीच सर्वांत महत्त्वाची. एका शुक्रवारी संध्याकाळी घरीच स्पर्धा मांडा. चारही मांसं, एकच रात्र, नियम तेच. कोळसा, लाकूड किंवा लाकडाचे पेलेट (दाबलेल्या भुशाच्या कांड्या) चालतात, स्वयंपाकासाठी गॅस किंवा विजेची धग चालत नाही. मांस कच्चंच आणायचं, आधीपासून मसाला लावलेलं नाही, आणि शिजायला जाईपर्यंत ४० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४ सेल्सियसच्या, खाली ठेवायचं. शिजल्यावर १४० फॅरनहाइटच्या, म्हणजे ६० सेल्सियसच्या, वर. आधी उकडून घेणं, तळणं, सू-वीद (बंद पिशवीत घालून गरम पाण्यात शिजवणं) हे सगळं वर्ज्य.

वेळापत्रक उलटं मांडा. ब्रिस्केट १:३०ला द्यायचं, म्हणजे १:१०ला कापायला घ्यायचं, त्याआधी दोन-तीन तास ते गुंडाळून कूलरमध्ये मुरायला हवं, म्हणजे साडेदहाच्या सुमारास ते उतरलेलं असावं. सहा किलोचा तुकडा ११०-१२० सेल्सियसच्या धगीवर दहा-बारा तास घेतो. म्हणजे रात्री साडेदहा-अकराला तो स्मोकरमध्ये गेला पाहिजे.

माझी तालीम मला आजही लख्ख आठवते. रात्री तीनच्या सुमाराला मांसाच्या आतलं तापमान ६८ अंशांवर येऊन अडलं. एक तास गेला, ६८. दुसरा तास गेला, ६९. माझे दीर बरोबर होते, ते म्हणाले, "वहिनी, थर्मामीटर बिघडलाय." बिघडला नव्हता. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडतं, घाम सुकताना अंग गार पडतं तसं ते मांसाला गार करत राहतं आणि स्मोकरची धग तिथेच खर्ची पडते. या थांब्याला इथे 'स्टॉल' म्हणतात. मला ते पुस्तकी माहीत होतं, पण पहाटे तीनला धीर सुटतो. मी घाबरून हवेची झडप उघडली, जाळ भडकला, बाहेरची साल कडू झाली. करायचं होतं ते एवढंच: फॉइलमध्ये किंवा कसाई वापरतात त्या कागदात घट्ट गुंडाळायचं आणि ९५ अंशांच्या आसपास, सुरी लोण्यात जावी तशी जाईपर्यंत वाट बघायची. तोवर चिवट कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं.

दुपारी चारही डबे भरा, प्रत्येकात निदान सहा तुकडे. नऊ इंचांचे चौकोनी पांढरे डबे मिळतात, तेच वापरा. सहा माणसं जेवायला बोलवा, पण कुणी बोलायचं नाही, कागदावर गुण लिहायचे.

दोन वाजता स्वतःला विचारा: हे पुन्हा करावंसं वाटतं का? चव बिघडली असेल तर बिघडू दे, ती सुधारते. पण ती रात्र तुम्हाला शिक्षा वाटली असेल तर संघ काढण्याच्या भानगडीत पडू नका.

आपल्या ताटाचा प्रश्न

हे मोकळेपणाने बोलायला हवं, कारण मराठी घरांत निर्णय बऱ्याचदा इथेच होतो. जजला टेबलावर आलेला प्रत्येक पदार्थ चाखावा लागतो. बीफ किंवा पोर्क तुम्ही खात नसाल तर जज होणं तुमच्यासाठी नाही. संघात मात्र कामं वाटता येतात. माझ्या ओळखीच्या एका काकू फक्त चिकन सांभाळतात, ब्रिस्केटला हातही लावत नाहीत, आणि त्यांच्या संघाचं चिकन दरवेळी वरच्या क्रमांकात असतं. नवख्यांसाठी असलेल्या 'बॅकयार्ड' गटात अनेकदा चिकन आणि रिब्सच असतात, तिथूनही सुरुवात होते.

आणि शनिवार! जवळजवळ सगळ्या स्पर्धांचा निकालाचा दिवस शनिवार. तुम्ही मारुतीचा शनिवार पाळत असाल, किंवा श्रावण पाळत असाल, तर वर्षाचं कॅलेंडर समोर घेऊन बसा. श्रावण नेमका भर हंगामात येतो. मी स्वतः श्रावणात बसत नाही, त्यामुळे माझ्या दोन-तीन स्पर्धा दरवर्षी जातात. हे आधी मोजलं तर नंतर चुटपुट लागत नाही.

दुसरा शनिवार: जजचा वर्ग

खाण्याची अडचण नसेल तर मी सगळ्यांना हाच रस्ता सुचवते, अगदी ज्यांना फक्त संघच काढायचाय त्यांनासुद्धा. काही तासांचा वर्ग असतो. नियम शिकवतात, चारही मांसं चाखायला देतात, मुद्दाम चुका केलेले डबेही दाखवतात, आणि शेवटी उजवा हात वर करून शपथ घ्यायची असते.

या वर्गाने माझ्या कित्येक घरगुती समजुती मोडल्या. रिब्सचं मांस हाडावरून गळून पडलं की आपण खूश होतो. इथे ते जास्त शिजलेलं समजतात. दात लावला तेवढाच घास सुटायला हवा आणि खाली हाड दिसायला हवं. ब्रिस्केटची चकती दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढली की सुटावी, पण उचलताना तुटू नये. मांसाच्या कडेची गुलाबी धुराची रेघ, जिच्यासाठी लोक जीव टाकतात, तिला गुणच नाहीत. आणि दोन डब्यांची तुलना करायची नाही. प्रत्येक डबा जणू त्या दिवशी एकटाच आला आहे असं धरून गुण द्यायचे.

प्रत्यक्ष टेबलावर पहिल्यांदा बसले तेव्हा टेबल कॅप्टनने, म्हणजे टेबलाच्या प्रमुखाने, डबा उघडून एकेकापुढे धरला. सहा चिकन थाय, सगळ्या एका मापाच्या, नव्या तांब्यासारख्या चकाकणाऱ्या. मी मनात ९ लिहिले. मग चावले आणि सगळी कातडी एकसंध दातांबरोबर निघून आली, खाली मांस पांढरं, अळणी. ९-६-६. पुढच्या डब्यातली कातडी मळकट दिसत होती, पण दाताखाली पापडासारखी तुटली आणि मिठापासून धुरापर्यंत सगळं जिथल्या तिथे. त्या दिवशी घरी जाऊन मी माझं चिकन बदललं. कातडी काढून आतली चरबी सुरीने खरवडायची आणि पुन्हा गुंडाळायची, हे कंटाळवाणं काम मी तोवर टाळत होते.

जजला मानधन नसतं, पेट्रोल आपलंच. पण इथे सभासदत्व खरोखर लागतं, कारण प्रमाणपत्र चालू ठेवायचं तर सभासद राहावं लागतं. पुढे मास्टर जज व्हायचं तर ३० स्पर्धांना बसणं, एकदा तरी एखाद्या संघाबरोबर रांधणं आणि परीक्षा देणं, अशी वाट आहे.

पैशांचा हिशेब, पण पूर्ण

माझ्या वहीतली एक स्पर्धा: प्रवेश ३०० डॉलर, मांस ३७०, कोळसा-लाकूड ५०, मसाले, फॉइल, हातमोजे, बर्फ मिळून ६०, गाडीचं इंधन ७०. एकूण ८५०. त्यात स्मोकर, कूलर, तंबू धरलेले नाहीत. त्या दिवशी ब्रिस्केटमध्ये आमचा सहावा क्रमांक आला आणि १०० डॉलरचा चेक. वागयू (चरबीदार मांसाची महागडी जपानी जात) ब्रिस्केट घेणारे संघ एकट्या त्या तुकड्यावर आमच्या अख्ख्या मांसाइतका खर्च करतात. तुम्ही वर्षाला तीन स्पर्धा करणार असाल तर सभासद फी या रकमेत दिसतही नाही. एकही करणार नसाल तर ती पूर्ण वाया.

मग संघाला सभासदत्व काय देतं? स्पर्धेत उतरायला ते सहसा लागत नाही. पण वर्षभराच्या संघ-क्रमवारीत गुण धरले जायचे तर मुख्य आचारी सभासद असावा लागतो. संघटनेचं मासिक येतं, आणि संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत देता येतं. नियम बदलतात तेव्हा हे मत मोलाचं वाटतं. टेनेसीतल्या लिंचबर्गला १९८९पासून होणाऱ्या जॅक डॅनियल्सच्या निमंत्रितांच्या स्पर्धेचं स्वप्न असेल, तर तिथला दरवाजा स्पर्धा जिंकल्यानेच उघडतो, कार्डाने नाही.

म्हणून मी लोकांना असं सांगते. जज व्हायचंय: वर्गाबरोबरच सभासद व्हा. संघ काढायचाय: पहिली स्पर्धा सभासद न होता करा, त्याच वर्षी आणखी दोन ठरल्या की मग व्हा. फक्त घरी चांगलं रांधायचंय: एकदा जजचा वर्ग करा आणि वर्षाने नूतनीकरण सोडून द्या. नुसत्या पाककृती हव्यात म्हणून कधीच होऊ नका, त्या मिळत नाहीत. संघ आपला मसाला सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

नूतनीकरणाची आठवण आली की मी वही काढते आणि तीन आकडे लिहिते: गेल्या वर्षी किती टेबलांवर बसले, किती स्पर्धा रांधल्या, आणि किती माणसांची नावं अशी आहेत ज्यांना मी हिवाळ्यातही फोन करते. पहिले दोन्ही शून्य असतील तर मी पैसे भरणार नाही असं ठरवलेलं आहे. यंदा संघ बंद केला, गुडघे शुक्रवारची रात्र झेपू देत नाहीत. टेबलं मात्र सात झाली. चेक कालच पाठवला.